उन्हाळी वाचनासाठी ख्रिस्ती ऐतिहासिक कादंबरीमालिका कशा सुचवाव्यात

सुट्टी तोंडावर आली की मंडळीच्या (चर्चच्या) वाचनालयात, वाचनगटात किंवा नातेवाइकांमध्ये कोणीतरी म्हणते, “सुट्टीत वाचायला एखादी चांगली मालिका सांगा,” आणि सांगणारा मोठ्या उत्साहाने आठ-दहा नावे लिहून देतो. सुट्टी संपते तेव्हा एखाद्या मालिकेचा पहिला भाग अर्धवट पडलेला असतो, दुसऱ्या एखाद्या मालिकेचा मधलाच भाग पहिला समजून वाचला गेलेला असतो, आणि पुढच्या वर्षी तो वाचक विचारायला येत नाही. यात वाचकाचा दोष फारसा नसतो. मालिका सुचवताना नावाइतक्याच महत्त्वाच्या दोन गोष्टी सांगायच्या राहून जातात: सुरुवात नेमकी कोणत्या भागापासून करायची, आणि या उन्हाळ्यात कोणत्या भागाशी थांबायचे. पुढील सर्व टप्पे या दोन प्रश्नांची उत्तरे मिळवण्यासाठी आहेत. ते दिलेल्या क्रमानेच घ्यावेत. पुस्तकांची निवड मुद्दाम चौथ्या टप्प्यावर ठेवली आहे, कारण ती सर्वांत आधी केल्यामुळेच बहुतेक घोळ होतात.

टप्पा १ : आधी वाचकाला विचारा

यादी करायला बसण्यापूर्वी वाचकाकडून चार गोष्टी समजून घ्याव्यात. त्याने शेवटचे पूर्ण वाचलेले पुस्तक कोणते? ते संपवायला त्याला साधारण किती दिवस लागले? हिंसा, गुलामगिरी, युद्ध, लैंगिक शोषण यांपैकी कोणत्या विषयाची वर्णने वाचणे त्याला जड जाते? आणि कथेत श्रद्धेचे स्थान किती ठळक असावे, असे त्याला वाटते?

शेवटचा प्रश्न विचारायला अनेकांना संकोच वाटतो, पण तो टाळू नये. या प्रकारातील बहुतेक मालिका अमेरिकेतील इव्हँजेलिकल (बायबल आणि वैयक्तिक विश्वास यांवर भर देणाऱ्या प्रॉटेस्टंट) प्रकाशनपरंपरेतून आलेल्या आहेत. त्यांत नायक किंवा नायिकेचा विश्वासाकडे होणारा प्रवास हाच बहुधा कथेचा कणा असतो, आणि प्रार्थना व शास्त्रवचने संवादात मोकळेपणाने येतात. एखाद्या वाचकाला नेमके हेच हवे असते. दुसऱ्याला, तो स्वतः कितीही भाविक असला तरी, कादंबरीतील उपदेश खटकतो. हे आधी कळले तर निम्मी निवड आपोआप होते.

तपासणी: वाचकाने शेवटचे पुस्तक कोणते सांगितले, ते लिहून ठेवा. “मला सगळेच आवडते” हे उत्तर तुमच्या उपयोगाचे नाही. पूर्ण वाचलेल्या एका पुस्तकाचे नाव मात्र पुष्कळ काही सांगून जाते.

टप्पा २ : पानांचा हिशोब मांडा

सुट्टीत वेळच वेळ असतो, या समजुतीवर बहुतेक उन्हाळी याद्या उभ्या असतात. प्रत्यक्षात प्रवास, पाहुणे आणि मुले यांतून वाचनाला उरणारा वेळ मोजकाच असतो. म्हणून हिशोब कागदावर मांडावा. समजा, वाचक दिवसाला पंचवीस पाने वाचतो आणि आठवड्यातून पाच दिवस त्याला वाचायला मिळते. आठवड्याची सव्वाशे पाने झाली, आणि आठ आठवड्यांची एक हजार. फ्रान्सीन रिव्हर्स यांच्या ‘मार्क ऑफ द लायन’ या त्रिखंडी मालिकेचा एकेक भाग जाडजूड असून पहिला तर पाचशे पानांच्या आसपास जातो. म्हणजे या वाचकाला सुट्टीत दोन भाग जेमतेम पुरे होतील. तीनही भाग त्याच्या हाती देणे म्हणजे अपुरेपणाची खंत सोबत बांधून देणे होय.

यातील बहुतेक मालिका मूळ इंग्रजीत आहेत. वाचकाला इंग्रजी कादंबरी वाचण्याची सवय नसेल तर पानांचा अंदाज निम्म्यावर आणावा. जुन्या काळाचा आभास देण्यासाठी लेखकाने जी अप्रचलित भाषा वापरलेली असते, तिच्यामुळे वेग आणखी मंदावतो.

सावधान: पाने मोजताना एकाच आवृत्तीचा आकडा धरा. मोठ्या टंकातील आवृत्ती आणि साधी आवृत्ती यांच्या पानसंख्येत मोठी तफावत असते.

टप्पा ३ : मालिकेची रचना ओळखा

हा टप्पा सर्वाधिक दुर्लक्षित आहे, आणि खरे कौशल्य इथेच लागते. एका नावाखाली प्रसिद्ध झालेली पुस्तके एकमेकांशी कशी जोडलेली आहेत, यावरून सुरुवात कुठे करायची आणि थांबायचे कुठे, हे ठरते. ढोबळमानाने चार रचना आढळतात.

पहिली रचना सलग कथानकाची. यात एक भाग संपतो तिथून दुसरा सुरू होतो. ‘मार्क ऑफ द लायन’ हे याचे चांगले उदाहरण आहे. पहिला भाग ‘अ व्हॉइस इन द विंड’ १९९३ मध्ये आला. इ. स. ७० मध्ये यरुशलेमचा पाडाव झाल्यावर गुलाम म्हणून विकली गेलेली हदास्सा ही तरुणी एका श्रीमंत रोमन कुटुंबात येते, अशी त्याची सुरुवात आहे. या भागाचा शेवट वाचकाला अधांतरी सोडतो, आणि तिची कथा दुसऱ्या भागात, ‘ॲन एको इन द डार्कनेस’मध्ये, पूर्णत्वाला जाते. तिसरा भाग ‘ॲज शुअर ॲज द डॉन’ मात्र अत्रेतीस या जर्मानिक ग्लॅडिएटरच्या (रिंगणात झुंजणाऱ्या योद्ध्याच्या) मागे जातो. यावरून शिफारस कशी बनते, ते पाहा: पहिले दोन भाग एकत्रच द्यावेत, दुसऱ्याच्या शेवटी निश्चिंतपणे थांबावे, आणि तिसरा पुढच्या सुट्टीसाठी राखून ठेवावा. केवळ पहिला भाग देऊन वाचकाला गावी पाठवणे मला तरी अन्यायाचे वाटते.

दुसरी रचना समांतर कथांची. लिन ऑस्टिन यांच्या ‘रिफायनर्स फायर’ या मालिकेतील तीन कादंबऱ्या १८६१ ते १८६५ या काळातील अमेरिकन यादवी युद्धाकडे तीन बाजूंनी पाहतात. ‘कँडल इन द डार्कनेस’ दक्षिणेतील रिचमंड शहरातल्या एका तरुणीची कथा सांगते, ‘फायर बाय नाइट’ उत्तरेकडील स्त्रियांची, आणि ‘अ लाइट टू माय पाथ’ गुलामगिरीत जन्मलेल्या माणसांची. प्रत्येक कादंबरी चारशेहून अधिक पानांची असली तरी स्वतःपुरती पूर्ण आहे. त्यामुळे एकच वाचून थांबले तरी काही बिघडत नाही.

तिसरी रचना पिढ्यांची. गिल्बर्ट मॉरिस यांची ‘हाउस ऑफ विन्स्लो’ ही मालिका चाळीस खंडांची आहे. १६२० मध्ये ‘मेफ्लॉवर’ जहाजातून अमेरिकेला आलेल्या पूर्वजापासून एकाच घराण्याच्या पुढच्या पिढ्या तीत येतात. चाळीस हा आकडा ऐकून वाचक दचकतो, किंवा ईर्षेने सगळे खंड गोळा करू लागतो. दोन्हींची गरज नाही. वाचकाला ज्या कालखंडात रस आहे, त्या कालखंडातील एक-दोन खंड सुचवावेत.

चौथी रचना लघुकादंबऱ्यांच्या संचाची. रिव्हर्स यांच्याच ‘अ लिनिएज ऑफ ग्रेस’ या संचात तामार, राहाब, रूथ, बथशेबा आणि मरीया या पाच स्त्रियांवर पाच लघुकादंबऱ्या आहेत. मत्तयकृत शुभवर्तमानाच्या पहिल्या अध्यायातील वंशावळीत याच पाच स्त्रियांचा उल्लेख येतो. ज्याला सलग वाचायला वेळ मिळत नाही, अशा वाचकासाठी यापेक्षा सोयीची रचना नाही.

तपासणी: मालिकेच्या नावापुढे एक वाक्य लिहा: “अमुक भागानंतर थांबले तरी कथा पुरी वाटते.” हे वाक्य तुम्हाला खात्रीने लिहिता येत नसेल, तर ती मालिका या वर्षी सुचवू नका.

टप्पा ४ : आता निवड करा

वाचकाची माहिती, पानांचा हिशोब आणि मालिकेची रचना या तीनही गोष्टी समोर असताना निवड करावी. एका वाचकाला दोनपेक्षा अधिक मालिका सुचवू नयेत; एक मुख्य आणि एक पर्यायी, एवढे पुरे.

शांत, घरगुती आणि कोणत्याही वयाच्या माणसाला निःशंकपणे देता येईल असे काही हवे असल्यास जॅनेट ओक यांची ‘लव्ह कम्स सॉफ्टली’ ही मालिका योग्य आहे. पहिला भाग १९७९ मध्ये प्रसिद्ध झाला. पश्चिमेकडे निघालेल्या प्रवासात पती गमावलेली मार्टी, लहान मुलगी असलेल्या विधुर क्लार्कशी केवळ गरजेपोटी विवाह करते, असा त्याचा आरंभ आहे. मालिकेचे एकूण आठ भाग आहेत. ते आटोपशीर आहेत आणि पुढे कथा त्यांच्या मुलांकडे सरकते. इंग्रजी वाचनाची नव्याने सुरुवात करणाऱ्यालाही ही भाषा पेलते. याच नावाचे चित्रपट पाहिलेल्या वाचकाला मात्र आधीच सांगावे की पडद्यावरची कथा पुस्तकापासून बरीच दूर गेलेली आहे.

पवित्र शास्त्राचे (बायबलचे) नियमित वाचन असणाऱ्याला लिन ऑस्टिन यांची ‘क्रॉनिकल्स ऑफ द किंग्ज’ ही पाच भागांची मालिका द्यावी. ती यहूदाचा राजा हिज्कीया आणि त्याचा पुत्र मनश्शे यांच्यावर आहे. पहिले तीन भाग हिज्कीयाचे असल्यामुळे तिसऱ्या भागाअखेर थांबणे अगदी स्वाभाविक ठरते. यासोबत बायबलमधील ‘२ राजे’ या पुस्तकाचे अध्याय १८ ते २० वाचायला सांगितले तर वाचनाची गोडी दुणावते, कारण अश्शूरचा राजा सन्हेरीब याच्या स्वारीचा मूळ वृत्तांत तिथेच आहे.

विसाव्या शतकाचा इतिहास आवडणाऱ्यांसाठी बोडी थोनी यांच्या ‘झायन कव्हेनंट’ आणि ‘झायन क्रॉनिकल्स’ या दोन मालिका आहेत. पहिलीत नाझी सावटाखालचा युरोप येतो, दुसरीत १९४७-४८ मधील पॅलेस्टाइन आणि इस्राएलची स्थापना. कथानक वेगवान आहे. मात्र लेखिकेची सहानुभूती इस्राएलच्या स्थापनेच्या बाजूने उघडपणे आहे, आणि त्या वर्षांचा इतिहास वाचकाने केवळ या पुस्तकांतून घेऊ नये, हे सुचवणाऱ्याने स्पष्ट सांगितले पाहिजे.

उपदेश नको, पण श्रद्धेचा गंभीर वेध हवा, असे म्हणणाऱ्या मुरलेल्या वाचकाला सिग्रिड उंडसेट यांची ‘क्रिस्टिन लाव्हरान्सदात्तर’ ही त्रिखंडी नॉर्वेजियन कादंबरी देण्यास कचरू नये. १९२० ते १९२२ या काळात तिचे खंड प्रसिद्ध झाले आणि १९२८ मध्ये लेखिकेला साहित्याचे नोबेल पारितोषिक मिळाले. चौदाव्या शतकातील नॉर्वेमध्ये एका स्त्रीचे बालपण, तिचे हट्टाने केलेले लग्न, पश्चात्ताप आणि अखेर महामारीच्या काळातील तिची सेवा यांचे हे चित्रण आहे. पाप आणि क्षमा यांविषयी इतक्या प्रामाणिकपणे लिहिलेली दुसरी कादंबरीमालिका मला ठाऊक नाही. तीनही खंड मिळून हजाराहून अधिक पाने होतात. त्यामुळे उन्हाळ्यासाठी पहिला खंडच द्यावा. तो लग्नापाशी संपतो आणि तिथे थांबता येते.

आठ ते बारा वर्षांच्या मुलांसाठी डेव्ह आणि नेटा जॅक्सन यांची ‘ट्रेलब्लेझर बुक्स’ ही मालिका आहे. एखाद्या लहान मुलाच्या नजरेतून बायबलचे इंग्रजी भाषांतरकार विल्यम टिंडेल, तसेच हडसन टेलर, मेरी स्लेसर, एमी कारमायकल अशा मिशनऱ्यांची ओळख करून देणारी ही छोटी, सुटी पुस्तके कोणत्याही क्रमाने वाचता येतात. मुलालाच नावे दाखवून निवडू द्यावे.

सावधान: तुमची स्वतःची आवडती मालिका प्रत्येक यादीत येत असेल तर थांबून विचार करा. ती टप्पा १ मधील उत्तरांशी जुळत नसेल, तर ती वगळलीच पाहिजे.

टप्पा ५ : क्रम आणि आवृत्त्या पडताळा

निवड झाली की प्रत्येक पुस्तक शक्यतो हातात घेऊन पाहावे. मुखपृष्ठावरील क्रमांकावर विसंबू नये, कारण अनेक आवृत्त्यांवर तो नसतोच. आतल्या पहिल्या काही पानांवर, शीर्षकपृष्ठाच्या आसपास, लेखकाच्या इतर पुस्तकांची मालिकानिहाय यादी असते. तिच्याशी नाव ताडून पाहावे.

दोन ठिकाणी हमखास फसगत होते. पहिली म्हणजे बदललेली नावे. ‘क्रॉनिकल्स ऑफ द किंग्ज’चा पहिला भाग आधी ‘द लॉर्ड इज माय स्ट्रेंग्थ’ या नावाने आला होता. पुढे नव्या प्रकाशनात त्याचे नाव ‘गॉड्स अँड किंग्ज’ झाले. जुन्या देणगीतून आलेली प्रत आणि नवी विकत घेतलेली प्रत वाचनालयात शेजारी उभ्या राहतात, आणि वाचक एकच कादंबरी दोन भाग समजून घरी नेतो. दुसरी फसगत प्रकाशनाचा क्रम आणि कथाकाळाचा क्रम यांच्या गोंधळातून होते. ‘झायन क्रॉनिकल्स’चे प्रकाशन १९८६ मध्ये सुरू झाले, तर ‘झायन कव्हेनंट’चे १९८९ मध्ये. कथाकाळ मात्र उलट आहे. दोन्हींत काही पात्रे सामाईक असल्याने आधी ‘क्रॉनिकल्स’ वाचल्यास ‘कव्हेनंट’मधील काहींचे पुढे काय होते, ते आधीच कळते. माझा सल्ला कथाकाळाच्या क्रमाचा आहे.

अनुवादित पुस्तकाच्या बाबतीत अनुवादकाचे नावही वाचकाला द्यायच्या चिठ्ठीत (टप्पा ७) सुरुवातीच्या भागाच्या नावासोबत लिहावे. ‘क्रिस्टिन लाव्हरान्सदात्तर’चा १९२० च्या दशकातील इंग्रजी अनुवाद मुद्दाम जुनाट भाषेत केलेला आहे आणि त्यात काही मजकूर गाळलेला आहे. टीना नन्नली यांचा १९९७ ते २००० या काळात आलेला अनुवाद संपूर्ण आणि सुबोध आहे. तोच सुचवावा. पहिला अनुवाद हाती पडल्यामुळे पन्नास पानांत पुस्तक मिटणारे वाचक थोडे नाहीत, आणि ते दोष लेखिकेला देतात.

तपासणी: सुचवलेला पहिला भाग आणि त्याच्या पुढचा भाग, दोन्ही वाचकाला प्रत्यक्ष मिळू शकतील ना? सलग कथानकाच्या मालिकेतला फक्त दुसरा भाग उपलब्ध असेल तर यादीतून नाव काढा.

टप्पा ६ : आशयाची आगाऊ कल्पना द्या

ख्रिस्ती प्रकाशनाचे पुस्तक म्हणजे कुमारवयीन मुलाला डोळे मिटून देता येईल असे पुस्तक, हा गैरसमज फार पसरलेला आहे. ‘मार्क ऑफ द लायन’मध्ये रिंगणातील रक्तपात, विवाहबाह्य संबंध, गर्भपात आणि नवजात बालकाला टाकून देण्याची रोमन प्रथा हे सर्व येते. ‘अ लिनिएज ऑफ ग्रेस’मधील तामारेची कथा बायबलमधील उत्पत्ती अध्याय ३८ वर आधारित आहे, आणि त्यात सून व सासरा यांच्यातील शरीरसंबंधाचा प्रसंग आहे. ही पुस्तके वाईट आहेत, असे यातून सुचवायचे नाही. कोणत्या वयात आणि कोणत्या मनःस्थितीत ती द्यावीत, एवढाच प्रश्न आहे. नुकत्याच गर्भपाताच्या किंवा मूल गमावल्याच्या दुःखातून गेलेल्या स्त्रीच्या हाती ‘मार्क ऑफ द लायन’ बेसावधपणे पडू नये, याची काळजी सुचवणाऱ्यानेच घ्यायची असते.

याच टप्प्यावर इतिहास आणि कल्पना यांची सीमाही सांगावी. हिज्कीया, संदेष्टा यशया आणि सन्हेरीब हे शास्त्रात आहेत; राजवाड्यातील बहुतेक संवाद आणि घरगुती प्रसंग लेखिकेने रचलेले आहेत. ही सीमा न सांगितल्यास काही वाचक कादंबरीतला प्रसंग पुढे शास्त्राभ्यासाच्या वर्गात शास्त्रातला म्हणून सांगतात, आणि तिथे त्यांची पंचाईत होते.

टप्पा ७ : चिठ्ठी लिहा

तोंडी शिफारस विसरली जाते. पुस्तकात ठेवता येईल एवढी चिठ्ठी लिहावी आणि तिच्यात पाचच गोष्टी असाव्यात: सुरुवातीचा भाग, थांबण्याची जागा, काळ व स्थळ, आगाऊ सूचना, आणि हे पुस्तक याच वाचकाला का दिले त्याचे एका वाक्यातील कारण. नमुना असा:

“‘अ व्हॉइस इन द विंड’पासून सुरुवात करावी आणि लगेच ‘ॲन एको इन द डार्कनेस’ घ्यावे, या सुट्टीत तिथेच थांबावे. काळ पहिल्या शतकातील, स्थळ रोम आणि इफिस. रिंगणातील हिंसेची वर्णने थेट आहेत. जड वाटल्यास ती पाने उलटून पुढे जावे, कथेचा धागा तुटत नाही. आपण प्रेषितांची कृत्ये आवडीने वाचता आणि त्या काळातील साध्या विश्वासणाऱ्यांचे रोजचे जगणे कसे असेल, असे विचारत होता, म्हणून हे पुस्तक.”

कथानकाचा सारांश चिठ्ठीत लिहू नये. मलपृष्ठावर तो असतोच, आणि पुढच्या भागांच्या मलपृष्ठांवर तर मागच्या भागाचा शेवटही उघड केलेला असतो. म्हणून दोन भाग एकत्र देताना दुसऱ्या भागाचे मलपृष्ठ आधी वाचू नये, एवढे चिठ्ठीच्या तळाशी आवर्जून लिहावे.

टप्पा ८ : मध्यावर विचारपूस करा

सुट्टीचा अर्धा काळ उलटला की वाचकाला एकदा विचारावे, पण “पुस्तक आवडले का?” असे विचारू नये, त्या प्रश्नाला बहुतेक जण भिडेखातर होकार देतात. “कितव्या प्रकरणावर आहात?” असे विचारावे. पहिल्या शंभर पानांत अडकलेल्या वाचकाला चिकाटीचा आग्रह न करता पर्यायी मालिकेकडे वळवावे आणि पुस्तक परत घ्यावे. पहिला भाग वेळेआधी संपवलेल्याला पुढचा भाग त्याच दिवशी मिळेल अशी व्यवस्था ठेवावी, कारण सलग कथानकात दहा-बारा दिवसांचा खंड पडला की पात्रांची नावे आणि नाती विसरली जातात. दोन्ही प्रकारची उत्तरे टप्पा १ मधील नोंदीखाली तारखेसह लिहून ठेवावीत. पुढच्या सुट्टीत त्या वाचकासाठी पानांचा हिशोब मांडताना अंदाजाऐवजी याच नोंदी वापराव्यात.